जिन्यावरची जबानी

एव्हरशाईन सिटी हे नाव ज्यांनी ठेवले त्यांनी ते येथील कोणत्याही बोलीतून उचलले नाही, आणि कदाचित त्यामुळेच, वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस उभ्या राहिलेल्या या वसाहतीत लालबागच्या चाळीतून आलेला मालवणी, घाटावरून आलेला कोल्हापूरकर, वऱ्हाडातून उतरलेला तरुण, गुजराती दुकानदार, केरळी परिचारिका आणि पूर्वांचलातला रिक्षावाला या साऱ्यांना ते सारखेच परके आणि सारखेच आपले वाटते. रुळांच्या पश्चिमेस मात्र निराळी सृष्टी आहे : तेथे निर्मळ, गास, वाघोली, नंदाखाल या गावांच्या बागायतीत वाडवळी आणि सामवेदी, म्हणजेच कादोडी, या बोली पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कोळ्यांची बोली आहे, आणि पूर्वेकडे तुंगारेश्वराच्या डोंगराआड वारली व कातकरी पाडे आहेत. २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, आणि या सर्वांच्या मालमत्तेची, पाणीपट्टीची व जन्ममृत्यूची दप्तरे एका छपराखाली आली. त्यांच्या बोलण्याचे दप्तर तेवढे अद्याप कोणी लावलेले नाही.

ते लावण्याचा प्रसंग आमच्या इमारतीवर दिवाळी अंकाच्या निमित्ताने आला. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून महाराष्ट्रात जो शिरस्ता पाडला, त्याचा अगदी शेवटचा आणि सोळाच पानांचा वारसदार म्हणजे आमचा हा अंक, त्याचे संपादन माझ्याकडे असते, आणि संपादन म्हणजे मुख्यतः जाहिराती गोळा करणे आणि रुसवे काढणे. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या, चित्रे काढून उपजीविका करणाऱ्या एका मुलीने ‘लिफ्ट बंद आहे’ या मथळ्याची तीन पानी चित्रकथा देऊ केली : लिफ्ट बिघडल्यामुळे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे जिन्यावर भेटतात, धापा टाकतात आणि बोलू लागतात, एवढेच तिचे कथानक. मुद्रितशोधनासाठी मसुदा शिरस्त्याप्रमाणे मास्तरांकडे गेला. मास्तर पश्चिमेकडच्या सामवेदी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातले. चाळीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेले, आणि मुलाने इकडे घर घेतल्यामुळे उतारवयात रूळ ओलांडून आलेले. त्यांचे मराठी इतके नितळ की त्यांना कोणी गाव विचारीत नाही; तिकडचे एक ‘बाय’ हे संबोधन तेवढे त्यांच्या तोंडून आजवर सुटलेले नाही.

आश्विनातल्या एका संध्याकाळी दोघेही माझ्या घरी बसली, मसुदा मधल्या मेजावर, लाल पेन्सिल मास्तरांच्या हाती. पुढे जे झाले ते जसे आठवते तसे देतो.

मास्तर : बाय, चित्रे मला आवडली. पण या चित्रकथेत सहा पात्रे आहेत, आणि त्यांपैकी पाच जणांच्या तोंडी तू निरनिराळ्या बोली घातल्या आहेस. सहावा, म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, तेवढा छापील पुस्तकासारखा बोलतो. माझी विनंती अशी की सर्वांनाच छापील बोलू दे. बोली घरात शोभते, शेतात शोभते. छापील संवादाच्या फुग्यात शिरली की तिची टोपी होते, आणि टोपी माणूस दुसऱ्याला घालतो ती बहुधा हसण्यासाठीच.

चित्रकर्ती : मास्तर, मग जिन्यावर सहा माणसे कशाला हवीत? एकच माणूस सहा वेळा काढते आणि कपडे बदलते. माणूस कुठून आला, कोणत्या आईच्या मांडीवर वाढला, हे त्याच्या बोलण्यातून कळत नसेल तर कशातून कळावे?

मास्तर : तुला ही सजावट वाटते, मला ती आठवण आहे. मी अकरा वर्षांचा असताना एका शाळेत, जिचे नाव घेण्याचे कारण नाही, गुरुजींनी मला उभे करून घरी काय जेवलास असे विचारले. मी घरच्या बोलीत उत्तर दिले. वर्ग हसला. गुरुजींनी तेच वाक्य मला तीन वेळा म्हणावयास लावले, आणि प्रत्येक वेळी वर्ग पुनः हसला. मी काय जेवलो होतो हे कोणाच्याही लक्षात राहिले नाही. त्या दिवसापासून मी छापील बोलू लागलो. तुझ्या चौथ्या चौकटीतला पहारेकरी बोलतो तेव्हा मला तो वर्ग ऐकू येतो.

या कैफियतीवर ती काही क्षण बोलली नाही, आणि मीही चहाचे निमित्त करून आत गेलो. परत आलो तेव्हा मास्तर, स्वतःच्या दुःखावरून विषय हलविण्याकरिता असेल, संस्कृत नाटकांत शिरले होते.

मास्तर : हा रोग आजचा नाही. संस्कृत नाटकांत भाषांची वाटणी केलेली असते ती पाहा : राजाला संस्कृत, कुलीन स्त्रियांना शौरसेनी, आणि हलक्या समजलेल्या पात्रांना मागधी. आपल्या मराठीची पणजी जी महाराष्ट्री, तिच्या वाट्याला बहुधा पदे, म्हणजे गाणी, तेवढी आली. मृच्छकटिकातला शकार ‘स’च्या ठिकाणी ‘श’ म्हणतो. प्रेक्षकांना त्याची दुष्टता कळण्याआधी त्याचा उच्चार कळतो. दोन हजार वर्षे आपण माणसाची पायरी त्याच्या जिभेवरून ठरवीत आलो आहोत, आणि तू त्याच जिन्यावर आणखी सहा पायऱ्या बांधते आहेस.

चित्रकर्ती : शाकुंतलातला धीवर विसरलात. ज्या माशाच्या पोटात अंगठी सापडली तो पकडणारा हा कोळी, मागधी बोलणारा, चोरीच्या आळावरून बांधून आणलेला. शिपाई त्याच्या धंद्याची टर उडवतात, तेव्हा तो त्यांना ऐकवतो की जन्माने आलेले काम निंद्य ठरले तरी टाकू नये, आणि यज्ञात पशू मारणारा श्रोत्रियही मनाने दयाळूच असतो. त्या अंकात त्याहून नेमके उत्तर कोणी दिलेले नाही, आणि ते मागधीत आहे. कालिदासाने त्याची भाषा बदलली नाही, त्याचा युक्तिवादही कमी केला नाही. मला एवढेच करायचे आहे.

मास्तर : पण प्रेक्षक अखेर हसतातच ना त्या प्रवेशाला?

चित्रकर्ती : हसतात, पण शिपायांना. आणि तुम्ही सांगता तसे सर्वांना छापील बोलायला लावले, तर मी कचेरीतला कारकून होईन. साक्षीदार पिंजऱ्यात आपल्या भाषेत घडाघडा बोलतो, आणि कारकून जबानी लिहितो तेव्हा त्याचे ‘सदरहू इसमाने मजकडे येऊन’ होते. मजकूर तोच, पण माणूस दप्तरात जाता जाता गेला. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली ती कोणी ‘शुद्ध’ करून छापली असती तर आज त्यांचे काय उरले असते?

बहिणाबाईंचे नाव निघाल्यावर मास्तरांचा चेहरा किंचित मऊ झाला. तथापि वकिली सुटली नाही. त्यांचे म्हणणे असे की बहिणाबाईंच्या सृष्टीत सर्वजण एकाच बोलीचे आहेत, तेथे तुलनेस दुसरा कोणी नाही, १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्येही गावकरी पौराणिक नाटक करू जातात तेव्हा पुराणातली थोरथोर पात्रे मालवणीतच उतरतात, म्हणून मालवणी हीच त्या रंगमंचापुरती राजभाषा होते, आणि राजशेखराने सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वी ‘कर्पूरमंजरी’ लिहिली ती आरंभापासून शेवटपर्यंत प्राकृतात, राजासकट. ज्या घरात सगळेच वाकून चालतात, तेथे कोणी कुबडा नसतो. एका संस्कृत बोलणाऱ्यासमोर पाच प्राकृत बोलणारे उभे केले, की प्राकृत ही भाषा न राहता व्यंग होते. या बिंदूवर ती मुलगी गप्प बसेल अशी माझी अटकळ होती. झाले उलट.

चित्रकर्ती : मास्तर, हे तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. दोष बोलीचा नाही, त्या सहाव्या माणसाचा आहे. पाच जणांची बोली लिहिली ही माझी चूक नव्हे. सेक्रेटरीची लिहिली नाही ही चूक.

मास्तर : सेक्रेटरी प्रमाण मराठी बोलतो. त्याची बोली कोठून आणणार?

चित्रकर्ती : तुम्ही ‘म्हणजे’ हा शब्द कसा उच्चारता?

मास्तर : म्हणजे काय? ‘म्हणजे’.

चित्रकर्ती : आत्ता तुम्ही ‘म्हंजे काय’ म्हणालात.

मी हसलो. मास्तरांनी ओठ हलवून तो शब्द स्वतःशी दोनदा उच्चारून पाहिला, आणि ज्या प्रामाणिकपणामुळे ते चाळीस वर्षे चांगले शिक्षक राहिले असले पाहिजेत, त्याच प्रामाणिकपणाने त्यांनी मान हलविली. त्यानंतर पुढची दहा मिनिटे त्यांनीच तो मुद्दा, जणू आपलाच होता अशा रीतीने, पुढे नेला. मसुद्यात पहारेकऱ्याच्या तोंडी ‘विशय’ होते आणि सेक्रेटरीच्या तोंडी ‘विषय’. वास्तविक आजच्या मराठीत ‘ष’चा निराळा उच्चार प्राध्यापकही करीत नाही, दोघेही ‘श’च म्हणतात. कामवाल्या बाईंच्या तोंडी ‘म्हंजे’ होते, सेक्रेटरीच्या तोंडी ‘म्हणजे’, उच्चार एकच. म्हणजे आपण बोली लिहितो आहोत असे समजून पुष्कळदा लेखक केवळ शुद्धलेखन मोडीत असतो, आणि ते मोडतो तेही फक्त गरिबांच्या फुग्यात. कान दोघांचे सारखेच ऐकतो. डोळ्यांना मात्र एक शहाणा व दुसरा अडाणी दिसतो. साहित्य महामंडळाने १९६२ साली ठरविलेल्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडी ‘असं’, ‘केलं’ अशी बोलण्यातली रूपे घालण्यास मोकळीक आहे, आणि त्या मोकळिकीत पात्राचा पगार किती असावा याची अट नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले.

मास्तर : तेव्हा पहिला करार असा : एकाचे शुद्धलेखन मोडायचे असेल तर सर्वांचे मोड, नाहीतर कोणाचेच नको. पण खरी बोली म्हणजे मोडके शुद्धलेखन नव्हे, हेही लक्षात ठेव. तुझी कोल्हापूरची बाई ‘मी आली’ म्हणते. कोल्हापुराकडे बायका ‘मी आलो’ म्हणतात. बाहेरच्याला ती चूक वाटते. तिकडचे ते व्याकरण आहे. बोली म्हणजे नियम, निराळे पण पक्के. ज्याला नियम ठाऊक नाहीत त्याने दोन-चार शब्द वर भुरभुरवून ती बोली आहे असे म्हणू नये.

चित्रकर्ती : मान्य. माझी आजी ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ म्हणते तेवढेच शब्द उचलून मीही मालवणी लिहिली होती. आजीने ऐकून सांगितले की हे मुंबईचे मालवणी आहे. तिने तीन वाक्ये बदलली आणि एक पुरते काढून टाकले.

मास्तर : काढून का टाकले?

चित्रकर्ती : म्हणाली, मालवणी माणूस दर वाक्यात शिवी देत नाही. रागावला म्हणजे कधी कधी अगदी हळू बोलतो.

यानंतर बोलणे भाषेवरून चित्रांवर गेले, आणि या भागात मास्तरांचा हात वरचढ राहिला असे मी निःपक्षपातीपणे नमूद करतो. त्यांनी पाने उलटून एकच प्रश्न विचारला : ही अर्नाळ्याची कोळीण तिन्ही पानांवर टोपलीसकट का आहे? लिफ्ट बंद पडलेल्या दिवशी ती या इमारतीत आपल्या मुलीकडे नातवाला पाहायला आलेली असू शकत नाही काय? पुढे त्यांनी पाचव्या मजल्यावरच्या ख्रिस्ती म्हाताऱ्याकडे बोट दाखविले : गळ्यात मोठा क्रूस, हातात बाटली, तोंडी हिंदी चित्रपटातले अर्धेमुर्धे इंग्रजी.

मास्तर : हा कोण, बाय?

चित्रकर्ती : हा... मी लक्षात घेतले नाही, मास्तर.

मास्तर : तेच सांगतो. हा वसईचा नाही, हा पडद्यावरचा आहे. वसईचा ख्रिस्ती घरी मराठीची बोली बोलतो, देवळात मराठीत प्रार्थना करतो, आणि मराठीतच भांडतो. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि त्याआधी कित्येक वर्षे त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालविले. आणखी एक गोष्ट चित्र काढताना उपयोगी पडेल : सामवेदी बोली ख्रिस्ती कुपारी बोलतात तशी तेथले सामवेदी ब्राह्मणही बोलतात. धर्म बदलला, जीभ तीच राहिली. तेव्हा माणूस ख्रिस्ती आहे हे दाखविण्यासाठी त्याच्या तोंडात परकी भाषा कोंबण्याचे कारण नाही.

चित्रकर्ती : आमच्या पिढीचा दोष एवढाच नाही. लहानपणी ज्या पौराणिक चित्रकथांवर आम्ही वाढलो त्यांत देव गोरे आणि असुर काळे, धिप्पाड, मिशाळ. हात आपोआप तिकडे वळतो. काळा रंग घेतला की खलनायक होतो, म्हणून मी सगळ्यांना गहूवर्णी करून टाकले होते. आता वाटते ती सुटका नव्हती, पळवाट होती.

मास्तर : मग शब्दच नकोत. शि. द. फडणीस यांनी एक अक्षर न लिहिता महाराष्ट्राला हसविले. मूक चित्र काढ. बोलीचा बखेडाच मिटेल.

चित्रकर्ती : मूक चित्रालाही बोली असते. पदर कोणत्या खांद्यावर, कासोटा आहे की नाही, टोपी कशी, चप्पल दाराबाहेर की आत. पश्चिमेकडच्या एखाद्या आजीला तिचे तांबडे लुगडे नेसवले की अर्धी ओळख झाली. प्रश्न असा की त्या लुगड्यात मी तिला काय करताना दाखवते. तिची सून पॅंट घालून सकाळची लोकल पकडते, तीही तितकीच कुपारी आहे. दोघी एका चौकटीत आल्या तर लुगडे हा वेष राहत नाही, ते एका माणसाचे कपडे होतात.

येथे तिने ‘भीमायन’ या चित्रग्रंथाची गोष्ट सांगितली, आणि मला ती त्या दिवशीच्या सर्व बोलण्यातली सर्वांत मोलाची वाटली. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या जीवनावर काढलेला हा ग्रंथ २०११ साली निघाला. त्यांनी पात्रांना चौकोनी चौकटींत कोंडण्याचे नाकारले, कारण चौकटीत माणसाचा जीव गुदमरतो. आणि संवादाचे फुगे काढताना मायाळू बोलण्याला पक्ष्याचा आकार दिला, विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी दिली. फुग्याचा आकार बोलणाऱ्याच्या कुळावरून ठरत नाही. बोलण्याच्या वृत्तीवरून ठरतो. ज्या समाजाला बोलण्याचाच अधिकार नाकारला गेला त्याच्या कथेत ही तजवीज किती विचारपूर्वक केलेली आहे, हे सांगण्याची गरज नाही. मास्तरांनी ते ऐकून बराच वेळ लाल पेन्सिल बोटांत फिरविली.

मास्तर : आता माझी शेवटची हरकत, आणि ती तू कशी उडवतेस ते पाहू. तू मालवण्याची नात. मालवणी लिहिलीस, आजीने तपासली, ठीक. पण कादोडी लिहिण्याचा तुला काय अधिकार? कोळ्यांची, वारल्यांची, भोजपुरीची?

चित्रकर्ती : अधिकार नाही. उसनवारी आहे, आणि उसने घेतलेले विचारून घ्यावे, सांगून वापरावे, नाव लिहून परत करावे. ज्यांची बोली आहे त्यांना वाचून दाखवीन. ते बदलतील ते बदलीन. आणि चित्रकथेखाली माझ्या नावाशेजारी त्यांचे नाव, त्यांची तयारी असेल तर, छापीन. मानधन मिळाले तर वाटून घेईन, पण हा अंक काही देत नाही.

मास्तर : (मजकडे पाहून) ते खरे आहे. पण कोणाला विचारायचे हेही तूच ठरविणार. म्हणजे अखेर न्यायाधीश तूच. तुला एक कसोटी सुचवितो. ग्रियर्सनसाहेबांनी भारतातल्या भाषांची पाहणी केली. तिचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला, आणि त्यात आमची सामवेदी आहे, वाडवळीही आहे. त्या पाहणीची पद्धत अशी होती की बायबलातला उधळ्या पुत्राचा दाखला बोलीबोलीत उतरवून घ्यायचा. साहेबाचा हेतू व्याकरणाचा होता. पण परिणाम काय झाला पाहा : बाप तोच, चुकलेला मुलगा तोच, आणि एकाच बापाची क्षमा बोलीबोलीतून ऐकू येऊ लागली. कोणत्याही बोलीच्या वाट्याला नुसता विनोद आला नाही. एखाद्या पात्राला बोली देण्याआधी स्वतःला विचार : या बोलीत मला त्या बापाचे वाक्य लिहिता येईल का? मुलगा परत आला आहे, बाप धावत जातो आहे. ते लिहिता येत नसेल, आणि फक्त थट्टा लिहिता येत असेल, तर तुला ती बोली येत नाही. तिची नक्कल येते.

चित्रकर्ती : आणि जी भाषा मला मुळीच येत नाही, त्या पात्राचे काय? आपल्या पहारेकऱ्याचे मराठी खरोखरच तुटके आहे. ते सरळ करून लिहिले तर खोटे, तुटके लिहिले तर तो वर्ग पुनः हसणार.

या प्रश्नावर दोघेही अडली. उत्तर बोलण्यातून नव्हे, कागदावरून निघाले. तिने पेन्सिल घेऊन तेथल्या तेथे दोन चौकटी आखल्या. पहिलीत पहारेकरी अडखळत्या मराठीत लिफ्ट बंद असल्याचे सांगतो, आणि सेक्रेटरी त्याला आपल्या खास हिंदीत ‘पाणी का टाकी भर गया क्या’ असे विचारतो. म्हणजे तुटके दोघांचेही. दुसरीत तोच पहारेकरी रात्री जिन्याखाली बसून घरी फोनवर बोलतो आहे : फुगा मोठा, ओळी भरगच्च, हातवारे ऐसपैस, समोरून कोणी तरी हसते आहे हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. त्या ओळी, ती म्हणाली, तो स्वतः सांगेल तशा लिहून घ्यायच्या. वाचकाला भोजपुरी कळो वा न कळो, एवढे कळेल की हा मनुष्य अडखळतो तो आपल्या भाषेत नव्हे, आमच्या भाषेत. आणि आम्ही त्याच्या भाषेत एक वाक्यही धड बोलू शकत नाही.

येथे संवाद संपला असे म्हणता येणार नाही, कारण मतभेद संपला नाही. मास्तरांचे मत अजूनही असे आहे की छापील मराठी ही गरिबाच्या हाती आलेली सनद आहे, ती मिळविण्यासाठी त्याने पुष्कळ मोजले आहे, आणि बोलीच्या प्रेमाने कोणी ती त्याच्याकडून काढून घेऊ नये. तिचे मत असे की सनद असावी, पण तिच्या बदल्यात आईची भाषा गहाण पडू नये. मला विचाराल तर दोघांचेही खरे आहे, आणि दोघांच्या मधून जी वाट जाते ती समतेची आहे : बोलीचा मान तिच्या अचूक उच्चारात जितका असतो त्याहून अधिक तिच्या वाटणीत असतो. एकाच्याच तोंडी बोली आणि बाकीच्यांच्या तोंडी पुस्तक, ही वाटणी अन्यायाची. बोलीला फक्त थट्टा आणि प्रमाण भाषेला शहाणपण, ही वाटणीही तितकीच अन्यायाची. ज्या चित्रकथेत कोळीण टोपलीविना येते, कुपारी आजी युक्तिवादात जिंकते, मालवणी माणूस हळू आवाजात रागावतो आणि सेक्रेटरी ‘म्हंजे’ म्हणतो, ती बहुधा कोणालाही दुखविणार नाही. आणि दुखविलेच, तर निदान सर्वांना सारखे दुखवील.

मसुदा दुसऱ्या दिवशी मास्तरांकडून परत आला. कुपारी आजीच्या फुग्यात त्यांनी स्वतःच्या हाताने कादोडीतले एक वाक्य लिहिले होते. ते विनोदी नव्हते, आणि छापल्यावर त्यावर कोणी हसलेही नाही. सेक्रेटरीच्या फुग्यात, जेथे जेथे ‘म्हणजे’ होते तेथे तेथे, आयुष्यभर ज्या लाल पेन्सिलीने हजारो मुलांचे ‘म्हंजे’ खोडले त्याच पेन्सिलीने, ‘ण’ खोडून ‘ह’वर अनुस्वार दिलेला होता.

राहता राहिला प्रस्तुत लेखक. दोघांचीही जबानी मी माझ्या कारकुनी मराठीत उतरविली आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. पण आणखी एक कसूर मुद्रिते वाचताना माझ्या नजरेस आली. पहिल्या परिच्छेदात मालवणी, कोल्हापूरकर आणि वऱ्हाडी यांना मी नुसती माणसे म्हणून आत घेतले आहे. गुजरात्याच्या हाती दुकान दिले, केरळी बाईच्या हाती रुग्णसेवा दिली आणि पूर्वांचलच्या माणसाच्या हाती रिक्षा दिली. तो परिच्छेद दुरुस्त करणे सोपे होते. तो मुद्दाम तसाच ठेवला आहे.